चिकाच्या सुया

आमची गाय पिसाळून मेली, त्याच्या आठवडाभर आधी तिचा चीक गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन आला होता.

मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाचा तालुक्याचा बातमीदार होतो. ही बातमी मी टपालाने पाठवली. कचेरीत 'आमची गाय' काढून 'एका शेतकऱ्याची गाय' केले गेले आणि चार ओळी छापून आल्या. दुरुस्ती योग्य होती. गाय थोरल्या भावाची होती, आणि बातमीदाराला गाय नसते.

भाऊ, त्याची बायको म्हणजे आमची वहिनी, आणि आई असे तिघे गावी राहत. गाव दारव्ह्याच्या बाजूला, तालुक्याच्या ठिकाणापासून बैलबंडीने दोनेक तासांवर. मी तालुक्याला सरकारी दवाखान्यामागे एक खोली घेऊन राहत होतो. राज्य बदलून वर्ष-दोन वर्षे झाली होती. दवाखान्याच्या पाटीवरचा 'मध्यप्रदेश' पुसला होता आणि 'मुंबई' लिहायला रंगारी यायचा होता. त्यामुळे तो दवाखाना काही काळ कोणत्याच राज्याचा नव्हता.

गाय व्याल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांचे दूध घट्ट आणि पिवळे असते. त्यात गूळ घालून ते वाफवतात. हा चीक घरच्यांनी एकट्याने खायचा नसतो. घरटी एक वाटी जाते, आणि कोणाकडे वाटी गेली नाही तर ते घर ती गोष्ट पुढच्या लग्नापर्यंत लक्षात ठेवते. वाटायचे काम सुनेचे. वहिनीने ते नीट पार पाडले. गल्लीतून तक्रार आली नाही.

चार-पाच दिवसांनी गाईने चारा सोडला. तोंडातून लाळ गळत होती, घशातून घरघर येत होती. घशात काही अडकले असावे असे भावाला वाटले. त्याने कोपरापर्यंत हात तिच्या तोंडात घालून चाचपून पाहिले. काही सापडले नाही. हात धुऊन तो जेवायला बसला. दुसऱ्या दिवशी गाय गोठ्याच्या खांबाला धडका देऊ लागली. गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी कुंपणाबाहेरूनच पाहिले आणि पिसाळली म्हणून सांगितले. तिला कुत्रे केव्हा चावले हे कोणालाच माहीत नव्हते. रानात चरणाऱ्या गाईला काय चावून गेले, हे ती घरी येऊन सांगत नाही. संध्याकाळी ती मेली.

गल्लीने मग साधा हिशेब केला. गाय पिसाळलेली, म्हणजे दूध पिसाळलेले, म्हणजे चीक पिसाळलेला, आणि तो सगळ्यांच्या पोटात. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बंड्या जुंपून गल्ली तालुक्याच्या दवाखान्यात हजर झाली.

डॉक्टर वऱ्हाडाबाहेरचे होते, बदली होऊन नुकतेच आलेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"चीक तापवला होता ना?"

"वाफवला जी. चांगला घट्ट होयेपर्यंत," वहिनीने सांगितले.

"मग त्यातून हा रोग येत नाही. लाळेतून येतो. ज्यांनी गाईच्या तोंडात हात घातला ते थांबा, बाकीचे घरी जा."

भाऊ एकटा पुढे झाला आणि आत जाऊन सुई घेऊन आला. बाकीचे घरी गेले नाहीत. आमच्या शेजारची एक बुढी होती, गल्लीच्या वतीने तीच बोलत असे. ती म्हणाली, "अन् झालं तं, डॉक्टरसाहेब?"

"होत नाही."

"झालं तं, म्हणतो मी. तवा तुमी येसान का आमच्या घरी भुंकाले?"

डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिले. बंड्या रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. औषध सरकारी होते आणि फुकट होते. कोणी एक जरी पुढे कशानेही मेले असते तरी ते चिकानेच मेले असे ठरले असते. त्यांनी यवतमाळहून आणखी लस मागवली.

कुत्रे चावल्यावर तेव्हा पोटात चौदा सुया घेत, रोज एक. हे सगळ्यांना ठाऊक होते. सुई लांब असते हेही ठाऊक होते. त्यामुळे रांग लागली, पण रांगेचे पहिले टोक कोणी धरेना. बुढीनेच निकाल दिला.

"ज्यायच्या घरचा चीक, त्यायच्या सुनेनं पयले घ्याव. मंग आमी घेतो."

वहिनीने भाकरीचे गाठोडे आईच्या हाती दिले. मग पडद्यामागे गेली आणि बाहेर आली. तिच्या मागून आई गेली आणि आईच्या मागून गल्ली.

पुढचे काही दिवस हा रोजचा क्रम झाला. सकाळी बंड्या निघत. सुई घेऊन मंडळी माझ्या खोलीत येत, भाकरी सोडत आणि एकमेकांच्या गाठींची चौकशी करत. रोज पोटावर एक गाठ येई. "आज डाव्या अंगानं देल्ली," "मले उजव्यानं देल्ली, लय ठणकून राह्यली," अशी बोलणी चालत. बाजाराच्या दिवशी मंडळींनी येताना मिरच्या आणि अंडी आणली, सुई घेतली, माल विकला आणि मग ती तेलमीठ घेऊन परत गेली. पुरुष जरा वाकून चालत. कंपाउंडरने मला सांगितले की इतकी नियमित माणसे त्याने यापूर्वी पाहिली नव्हती.

नवव्या सुईनंतर वहिनीची पाठ दुखू लागली. अंगात ताप होता. संध्याकाळी चुलीपुढे बसली असता ती आईला म्हणाली, "पायात मुंग्या येऊन राह्यल्या." आईने सांगितले की रोज इतके बंडीत बसल्यावर मुंग्या येणारच. सकाळी ती उठायला गेली आणि उठता आले नाही. पाय होते, दिसत होते, पण तिचे ऐकत नव्हते. भावाने आणि शेजाऱ्यांनी तिला बाजेसकट बंडीत ठेवले.

दवाखान्यात चार खाटा होत्या. एकीवर वहिनीला घेतले. डॉक्टरांनी तिच्या तळपायावरून किल्ली ओढली, गुडघ्यावर ठोकले, टाचणी टोचत पोटापर्यंत आले आणि टाचणी कुठे समजते ते विचारले. बेंबीच्या खाली तिला काही समजत नव्हते. त्यांनी कंपाउंडरला सांगितले, "यांची सुई बंद."

गल्लीने मात्र स्वतःचे निदान केले होते. पिसाळलेला माणूस पाण्याला भितो हे सगळ्यांना माहीत होते. डॉक्टर दुसऱ्या खोलीत गेल्यावर बुढीने फुलपात्र भरून वहिनीच्या तोंडाशी धरले.

"पी व माय."

वहिनी प्यायली.

"पेली!" बुढीने दारात जाऊन जाहीर केले. पण एका साक्षीवर गल्लीचे समाधान होण्यासारखे नव्हते. ज्याची त्याची सुई झाली की तो आत येई, पाणी देई, ती पिताना तिच्या घशाकडे पाही आणि बाहेर जाऊन सांगे. वहिनीने कोणालाच नाही म्हटले नाही. नाही म्हटले असते तर पाण्याला भ्याली असे झाले असते. दुपारपर्यंत ती गल्लीतल्या बहुतेक सर्वांच्या हातचे पाणी प्यायली.

तिसऱ्या प्रहरी ती तळमळू लागली. पायांबरोबर लघवीही बंद पडली होती आणि पोट तट्ट फुगले होते. डॉक्टरांनी नळी घालून ती काढली. मग बाहेर येऊन त्यांनी आवाज चढवला. तो त्या दवाखान्यात मी पहिल्यांदा ऐकला.

"आता जो पाणी पाजेल त्याला मी स्वतः चौदाच्या चौदा सुया आजच देईन."

व्हरांड्यात त्यांनी भावाला आणि मला बाजूला घेतले. ते म्हणाले, दोन शक्यता आहेत. एक, हा रोगच असेल. पिसाळण्याचा एक मुका प्रकार असतो. त्यात माणूस भुंकत नाही, पाणीही पितो, फक्त पायापासून वर लुळा पडत जातो. तसे असेल तर जगात कुठेही औषध नाही. दुसरी शक्यता अशी की हे सुईने झाले आहे.

"सुईनं कसं व्हईन?" भाऊ म्हणाला. "सुई तं बरं कराले असते."

डॉक्टरांनी सांगितले की ही लस मेंढीच्या मेंदूपासून करतात. मेंढीच्या मेंदूत रोगाचे विष वाढवायचे, ते मारायचे आणि त्या मेंदूचे पाणी माणसाला टोचायचे. शरीर त्या मेलेल्या विषाविरुद्ध फौज तयार करते. पण बरोबर मेंदूचा लगदाही गेलेला असतो. एखादे शरीर त्या लगद्यालाच शत्रू समजते. मेंढीचे मज्जातंतू आणि आपले मज्जातंतू यांत फार फरक नाही. फौज निघते मेंढीच्या मेंदूला शोधायला, आणि पोचते आपल्या पाठीच्या कण्यात.

"म्हंजे तिचं आंगच तिले खाऊन राह्यलं?" भावाने विचारले.

"असं म्हणू शकता."

"मंग थांबवा ना."

थांबवायचा एक उपाय होता. कॉर्टिसोन जातीच्या गोळ्या निघाल्या होत्या, नागपूरला मिळत. त्या फौजेला थंड करतात. यवतमाळच्या मोठ्या डॉक्टरांशी ट्रंक कॉलवर बोलणे झाले होते, त्यांचेही मत तेच पडले. पण कामाची फौज कोणती आणि वाट चुकलेली कोणती, हे गोळी ओळखत नाही. वहिनीच्या अंगात खरोखर गाईचे विष गेले असेल, तर त्या विषाला अडवणारी तेवढी फौजही ती झोपवणार. तेव्हा डॉक्टरांना पक्के ठाऊक हवे होते की गाईची लाळ, दूध, काहीही तिच्या अंगात गेलेले नाही. तापवलेल्या चिकाची त्यांना भीती नव्हती. पण स्वयंपाकघरात काय घडले ते त्यांनी पाहिले नव्हते. अर्धाकच्चा चाखला असेल, चव पाहिली असेल.

त्यांनी खाटेजवळ जाऊन विचारले. आई उशाशी होती, बुढी पायथ्याशी, आणखी दोघी-तिघी दाराशी.

"चीक किती खाल्ला होता तुम्ही?"

"एक वाटी," वहिनी म्हणाली.

"शिजण्याआधी चाखून पाहिला होता?"

ती दाराकडे पाहत राहिली. "ध्यानात नाही."

डॉक्टर परतले. गोळ्यांची चिठ्ठी त्यांनी लिहिली नाही.

त्याच दिवशी भावाने आपली सुई घ्यायचे नाकारले. त्याने दवाखान्याच्या पायरीवर बसून कंपाउंडरला सांगितले, "जिच्यानं तिचे पाय गेले, तेच मी पोटात घेऊ काय? मले पागल कुत्रं चावलं का?" कंपाउंडरने त्याला आठवण दिली की त्याचा हात पिसाळलेल्या गाईच्या तोंडात गेला होता. भाऊ म्हणाला की हात धुतला होता. गल्लीत ज्या एका माणसाला सुई खरोखर हवी होती, तो आता पायरीवर बसून होता. ज्यांना नको होती, ते रांगेत उभे होते.

सायंकाळी बंड्या परत गेल्यावर मी वहिनीजवळ बसलो. आई खोलीवर दशम्या करायला गेली होती. वहिनी वर पत्र्याकडे पाहत म्हणाली, "भाऊजी, तुमी पेपरवाले. एक गोष्ट सांगतली तं छापसान का?"

"नाही."

"मी चाटलाही नाही."

मला प्रथम समजले नाही.

"चीक. मी खाल्लाच नाही. सगळ्यायले वाटता वाटता भगुनं सरलं. खरवड होती, थे बुढीच्या नातवानं खरडून नेली. अन् गाईजवळ मी जातच नोहती. लाथ मारे ना ती मले. दूध तुमचे भाऊच काढे."

"मग डॉक्टरला वाटी कायले सांगतली? अन् पयल्या दिवशी सुई कायले घेतली?"

वहिनीने माझ्याकडे पाहिले. पेपरात असूनही हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाकडे जसे पाहावे तसे पाहिले.

"मी म्हणली असती खाल्ला नाही, तं गल्ली काय म्हणली असती? सोता नाही खाल्ला अन् आमाले देल्ला. म्हंजे तिले ठाऊक होतं, गाय बिघडली थे. जलमभर पुरलं असतं मले. त्याच्यापरीस सुई बरी, म्हणलं."

मी उठून डॉक्टरांच्या घरी गेलो आणि सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "दिराच्या शब्दावर ही गोळी देता येत नाही. सकाळी एक वाटी, संध्याकाळी काहीच नाही. उद्या तिसरंच निघेल. त्यांनी मला स्वतः सांगितलं पाहिजे, आणि ज्यांना चीक वाटला त्यांच्यासमोर सांगितलं पाहिजे. म्हणजे खोटं असेल तर तिथंच कोणीतरी बोलेल."

ही पद्धत आमच्या कचेरीतल्यापेक्षा कडक होती. मी वहिनीला निरोप दिला. तिने विचारले की गोळीने पाय येतील का. मी सांगितले की डॉक्टरांनाही माहीत नाही, पण उशीर झाला तर फौज आणखी वर चढेल. वर म्हणजे कुठे, असे तिने विचारले. मी छातीवर हात ठेवून दाखवले.

सकाळी बंड्या आल्या. डॉक्टरांनी सर्वांना आत बोलावले. खोलीत मावले तितके आत, बाकीचे खिडकीशी उभे राहिले. त्यांनी कालचाच प्रश्न कालच्याच शब्दांत विचारला.

"नाही खाल्ला," वहिनी म्हणाली. "थेंबही नाही. चाखलाही नाही. काल खोटं सांगतलं."

मग बुढीचा आवाज आला.

"म्हंजे आमाले देल्ला अन् तू नाही खाल्ला?"

"उरलाच नाही."

"असा कसा उरला नाही? घरच्या गाईचा चीक घरच्यायलेच नाही? असं कोठी असते का?"

"मले अन् ह्या थोरल्याले वाढला तिनं," आई म्हणाली. "तिची वाटी म्या पाह्यली नाही. खरं तेच सांगतो, पाह्यली नाही."

बुढीने खोलीभर नजर फिरवली. दाराशी एक सून कडेवर मूल घेऊन उभी होती. ती बुढीचीच सून. तिने हळूच सांगितले, "भगुनं आपल्या पोट्ट्यानं आणलतं, खरडाले. तुमीच तं चमचा देल्ला त्याले. पार घासून ठेवलं त्यानं. मंग तिले काय उरन?"

बुढी खाटेच्या काठावर बसली आणि वहिनीला म्हणाली, "पागल हाय का व तू? खाल्लं नाही तं सुई कायले घेतली?"

"तुमीच तं म्हणल्या, सुनेनं पयले घ्याव."

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. मी दुपारच्या मोटारीने नागपूरला गेलो, गोळ्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आलो. वाटेत मी कचेरीतही जाऊन आलो. तिथे विचारले की त्या पिसाळलेल्या गाईचे पुढे काय झाले. मी सांगितले, गाय मेली. ते त्यांना पुरेसे होते. डॉक्टरांनी मला सुईच्या अपघाताबद्दल न लिहिण्याची विनंती केली होती. लोक घाबरून खरोखर कुत्रे चावल्यावरही येणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांच्या या म्हणण्याचे उदाहरण बाहेर पायरीवरच बसले होते, म्हणून मी ते मान्य केले.

पायरीवरचा माणूस वहिनीने उठवला. तिने त्याला आत बोलावले आणि पदर सारखा करत विचारले, "अजी, तुमी सुई घेतली का आज?"

"नाही."

"काल?"

भावाने टोपी काढून झटकली.

"माझे पाय गेले. तुमचा जीव जाईन. पाय नसन तं मी बसून सैपाक करीन. तुमी नसान तं मी कोणाचा करू?"

"अन् मलेही असंच झालं तं?"

"तं दोघंही बसून राहू. आई करन सैपाक."

आई उशाशीच होती. तिला हे बोलणे आवडले नाही, पण तिनेही भावाला उठायची खूण केली. भाऊ पडद्यामागे गेला. त्या दिवसापासून तो रोज सुई घेऊन येई आणि वहिनी त्याला सदरा वर करायला लावून नवी गाठ पाहून घेई. कंपाउंडरच्या शब्दावर तिचा विश्वास नव्हता.

मेंढीच्या मेंदूची गोष्ट आईला त्याच सुमारास कळली. आईने आयुष्यात मांसाचे भांडे घरात येऊ दिले नव्हते. तिने डॉक्टरांना गाठले.

"मले आदी काहून नाही सांगतलं?"

"सांगितलं असतं तर सुई घेतली असती का?"

आईने विचार केला. "घेतली असती. पण रोज घरी जाऊन आंघोळ केली असती."

गल्लीतली निम्मी माणसे त्या आठवड्यात सुया सोडून घरी राहिली. उरलेल्या निम्म्यांनी सांगितले की सुरू केलेले अर्धवट सोडू नये, आणि त्यांनी चौदा पुऱ्या केल्या. दोन्ही गटांना काही झाले नाही. दोन्ही गटांनी याचे श्रेय स्वतःच्या निर्णयाला दिले.

पुढे मी नागपूरच्या कचेरीत उपसंपादक झालो. साठच्या आसपास वृत्तसंस्थांच्या तारांतून अधूनमधून असे मजकूर येऊ लागले की काही रोगांत शरीर स्वतःवरच उलटते. ते मजकूर बहुधा रविवारच्या अंकात कोपरा भरायला जात. मी ते कापण्याआधी दोनदा वाचत असे. नंतरच्या काळात जे वाचनात आले त्यावरून आमच्या खाटेवर काय घडले होते ते मला साधारण असे समजले.

मज्जातंतू ही तार धरली तर तिच्यावर एक चरबट आवरण असते, विजेच्या तारेवर असते तसे. आवरण असेपर्यंत मेंदूचा हुकूम क्षणात पायाला पोचतो. या आवरणात एक प्रथिन असते. मेंढीतले ते प्रथिन आणि माणसातले ते प्रथिन यांची बरीच जुळणी होते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी काही पेशी एकेक तुकडा ओळखायला शिकलेल्या असतात. स्वतःच्या शरीराचे तुकडे ओळखणाऱ्या पेशी लहानपणीच बव्हंशी बाद केल्या जातात. काही सुटतात. त्या एरवी गप्प असतात, कारण मेंदू आणि कणा यांच्याभोवती पहारा असतो, सहसा त्यांना आत प्रवेश नसतो. पोटात रोज मेंढीच्या मेंदूचा लगदा टोचला की या पेशी जाग्या होतात, वाढतात, पहारा ओलांडतात, आणि आत गेल्यावर त्यांना हवी ती खूण जागोजाग सापडते. त्या आवरण सोलू लागतात. तार तशीच राहते, पण उघडी पडते, आणि हुकूम वाटेतच विरतो. वहिनीचे पाय दिसत होते आणि ऐकत नव्हते, त्याचा अर्थ इतका होता.

सगळ्या गल्लीत तिलाच का, हे मी तेव्हा डॉक्टरांना विचारले होते. ते म्हणाले, "त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही." ते उत्तर कोणाजवळच नव्हते. नंतर असे कळले की शरीराच्या पेशी हे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून पांढऱ्या पेशींना दाखवतात, आणि मांडण्याचा तो साचा जन्माने मिळतो व ज्याचा त्याचा वेगळा असतो. कोणाच्या साच्यात आवरणाचा तुकडा नीट बसतो, कोणाच्या बसत नाही. तरीही साचा जुळणारे सगळेच आजारी पडत नाहीत. म्हणजे पुरे उत्तर अजूनही कोणाजवळ नाही.

गोळ्या सुरू झाल्यावर बधिरपणा वर चढायचा थांबला. नंतर तो खाली उतरू लागला. डॉक्टर रोज टाचणी घेऊन येत आणि सीमा कुठे आली ते पाहत. ती बेंबीवरून कमरेवर आली, कमरेवरून मांडीवर. लघवी आपोआप होऊ लागली, त्या दिवशी आईने दवाखान्यात गूळ वाटला. उजवा अंगठा प्रथम हलला. भाऊ तेव्हा शेतात होता, पेरणी लागली होती. संध्याकाळी त्याला सांगितले तेव्हा त्याने पुन्हा हलवून दाखवायला सांगितले, आणि मग परत एकदा.

गावी नेल्यावर दोघांची एकमेकांवर पाळत राहिली. भाऊ तिच्या पावलांकडे पाही. ती त्याच्या हाताकडे पाही, ज्या हाताने त्याने गाईचे तोंड चाचपले होते. हा रोग महिन्यांनीही उठतो असे कोणीतरी तिला सांगितले होते. हाताला साधी खाज सुटली तरी ती स्वयंपाक सोडून येई. पावसाळा गेला, कापूस फुटला, तरी भावाला काही झाले नाही. तोवर वहिनी भिंत धरून, मग काठी धरून, मग काही न धरता चालू लागली होती. डावा पाय जरा ओढत असे.

हिवाळ्यात एके दिवशी ती भावाबरोबर बंडीतून तालुक्याला आली. बाजाराच्या टोकाशी ती उतरली आणि तिथून दवाखान्यापर्यंत पायी गेली. भाऊ आणि मी मागून चालत होतो. तिने आम्हाला शेजारी येऊ दिले नाही. डॉक्टरांना चालून दाखवायचे, एवढेच तिच्या मनात होते.

डॉक्टरांची बदली झाली होती. त्यांच्या खुर्चीवर दुसरे डॉक्टर होते, तरुण, घाईतले. त्यांनी तिला स्टुलावर बसवले आणि काय होते असे विचारले.

"काही होत नाही जी," वहिनी म्हणाली. "चालत आली, एवढं सांगाले आली."

त्यांना ते समजले नाही. दारातून येताना त्यांनी तिचे पाऊल पाहिले होते. त्यांनी तिच्या दोन्ही गुडघ्यांवर हातोडी मारून पाहिली, डावा पाय उचलून पाहिला, आणि म्हणाले, "हा पाय कमजोर आहे. केव्हापासून?"

"कमजोर नाही जी," वहिनी म्हणाली. "हा सुधरला हाय."